जुनी चित्रपोस्टकार्डे आणि बंदरगावाचा रस्ता : अर्नाळ्याच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना

स्थानिक इतिहासाच्या अभ्यासात जुन्या चित्रपोस्टकार्डांचा साधन म्हणून वापर वाढत आहे. लिखित कागदपत्रे विरळ असलेल्या किनारी गावांच्या बाबतीत हे स्वाभाविकच आहे. तथापि पोस्टकार्ड ही मुळात विक्रीची वस्तू होती. साधन म्हणून तिला मिळालेली प्रतिष्ठा नंतरची. हा क्रम विसरल्यास चित्रातील रस्ता हाच गावाचा इतिहास, असा समज दृढ होतो. प्रस्तुत लेखात वसई तालुक्यातील अर्नाळा या बंदरगावाच्या संदर्भात या साधनाची चिकित्सा केली आहे.

चित्रविषयांची निवड

भारतात पाव आण्याचे सरकारी पोस्टकार्ड १ जुलै १८७९ रोजी आले. चित्रपोस्टकार्डांचा भराचा काळ मात्र साधारणपणे १९०० ते १९१४ हा होय. मुंबईत क्लिफ्टन आणि कंपनीसारख्या प्रकाशकांनी शहरातील रस्ते व इमारती यांची छायाचित्रे कार्डांवर आणली. ग्राहक बहुतांशी प्रवासी व युरोपीय अधिकारी असल्याने ओळखीच्या स्थळांना मागणी होती. त्यामुळे मुख्य रस्ता चित्रित झाला तो शहराचा. किनाऱ्यावरचा माणूस कार्डावर आला, पण 'मुंबईची कोळीण' अशा सर्वसाधारण नावाने. तिचे गाव, आळी व बाजार चौकटीबाहेर राहिले.

चित्रकार म. वि. धुरंधर (१८६७–१९४४) यांची पोस्टकार्डे या संदर्भात महत्त्वाची आहेत. मुंबईच्या रस्त्यावरील माणसे त्यांनी बारकाईने व मिस्कीलपणे रेखाटली. दृष्टी एतद्देशीय असली तरी तेथेही व्यक्तीची ओळख मुख्यतः वेशावरून व व्यवसायावरून होते. ओमर खान यांच्या 'पेपर ज्वेल्स' (२०१८) या ग्रंथाने प्रकाशक व चित्रकारांचा इतिहास परिश्रमपूर्वक उजेडात आणला, हे त्याचे मोठे श्रेय होय. परंतु त्याची प्रामुख्याने शहरानुसार असलेली मांडणी मूळ व्यापाराचाच नकाशा पुढे चालविते.

किल्ला आणि गाव

वसईच्या भग्नावशेषांना गेर्सन द कुन्हा यांच्या १८७६ च्या ग्रंथाने अभ्यासविषयाचे स्थान दिले. अर्नाळ्याचीही ओळख वैतरणेच्या मुखाजवळील बेटावरच्या किल्ल्यावरूनच होते. मराठ्यांनी तो १७३७ मध्ये घेतला. भारतीय नौदलात १८ जून २०२५ रोजी दाखल झालेल्या 'अर्नाळा' या युद्धनौकेचे नावही किल्ल्यावरूनच आहे. गावाचे दैनंदिन जीवन मात्र बाजाररस्ता, मासळीची विक्री, वलांडीवर वाळणारे बोंबील, दुरुस्तीसाठी ओढलेल्या होड्या आणि बेटाकडे जाणारी नाव यांत आहे. स्मारक टिकते, म्हणून त्याचे चित्र वारंवार निघते. व्यवहार रोजचा, म्हणून तो चित्राविना राहतो.

वाचनाची पद्धती

यावरून पोस्टकार्ड त्याज्य ठरत नाही. छपाई पुष्कळदा जर्मनीत होत असे आणि रंग मागाहून भरले जात. म्हणून लुगड्याचा वा शिडाचा रंग पुरावा मानता येत नाही. घरांची रचना, छपरे, नौकेची बांधणी यांची साक्ष अधिक विश्वसनीय असते. पाठीमागील शिक्का व मजकूर यांवरून कार्डाचा प्रवास कळतो. पण तारीख टपालाची असते, छायाचित्राची नव्हे.

निष्कर्ष

पोस्टकार्डातून गावापेक्षा ग्राहकाची नजर अधिक स्पष्ट दिसते. म्हणून ग्रामस्थांकडील कौटुंबिक छायाचित्रे, मच्छीमार सहकारी संस्थांची दप्तरे आणि वृद्धांच्या आठवणी यांच्याशी ताडून पाहिल्यावरच त्याला साधनाचे मोल येते. असा संग्रह करण्याचे काम परिसरातील महाविद्यालयांच्या आवाक्यातील आहे. आठवणी सांगणारी पिढी हयात आहे तोवरच ते होऊ शकते.