बहिणाबाईंचे आत्मनिवेदन : मार, श्रद्धा आणि समीक्षेचे मौन

संत बहिणाबाई शिऊरकर (१६२८-१७००) यांच्या आत्मचरित्रपर अभंगांचा गौरव मराठी समीक्षेने वेळोवेळी केला आहे. त्यांतील मारहाणीचा प्रसंग मात्र बहुधा ‘सत्त्वपरीक्षा’ या एका शब्दात निकालात काढला जातो. हा शब्द संहितेतून येतो की वाचकाच्या श्रद्धेतून, हा येथे विचारार्थ घेतलेला प्रश्न आहे.

घटनाक्रम परिचित आहे. देवगावची ही मुलगी बालवयातच तीस वर्षांच्या बिजवराला दिली गेली. कोल्हापुरास असताना जयरामस्वामींच्या कथेला तिच्यामागे वासरूही आले. त्याची वार्ता कानी येताच पतीने तिला मारले, बांधून ठेवले. पुढे तुकोबांनी स्वप्नात अनुग्रह दिला. वेदाध्यायी ब्राह्मणाच्या पत्नीने शूद्र गुरू मानावा, याने पतीचा संताप अधिकच वाढला.

या हिंसेमागे श्रद्धा दुहेरी आहे. वर्णश्रेष्ठत्व आणि पत्नीवरील स्वामित्व या पतीच्या दोन्ही धारणांना धर्मशास्त्राचा आधार आहे. त्यांपैकी पहिली बहिणाबाई भक्तीच्या बळावर नाकारतात. ‘वज्रसूची’वरील त्यांची रचना त्याची साक्ष देते. दुसरी धारणा त्या स्वीकारतात. पती सोडून जाऊ लागताच पतिसेवा हाच आपला धर्म, असा निर्धार त्या करतात. पतिव्रताधर्मावर स्वतंत्र अभंगही रचतात. म्हणजे जी श्रद्धा त्यांना मार सांगण्याचे धैर्य देते, तिच्याच शेजारी तो मार सोसायला लावणारी श्रद्धा नांदते. या द्वंद्वाला केवळ विद्रोह किंवा केवळ शरणागती म्हणणे हे अपुरे वाचन होय.

कथनाची परिणती अधिक बोलकी आहे. पती आजारी पडतो, वृद्ध ब्राह्मणाच्या उपदेशाने त्याचे मन पालटते आणि कुटुंब देहूला जाते. येथे पत्नी निर्दोष ठरते ती हरिभक्त म्हणून. जी भक्त नाही, तिच्या अंगावरील हाताबद्दल हे कथन काहीच बोलत नाही. पतीची तुकोबांविषयीची धारणा बदलते. मारण्याचा अधिकार तपासला जात नाही.

ती तपासणी ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्रीपुरुषतुलना’मध्ये (१८८२) केली. नवरा देव असेल तर त्याने देवासारखे वागावे, हा त्यांचा युक्तिवाद श्रद्धेच्याच परिभाषेत श्रद्धेला कोंडीत पकडतो. सतराव्या शतकातील संतकवयित्रीने हा प्रश्न विचारला नाही, हा तिचा दोष मानण्याचे कारण नाही. तिने वेदना लपविली नाही, हेच पुष्कळ झाले.

दोष असेल तर तो आपल्या वाचनाचा. भारतीय कायद्याने १९८३ मध्ये विवाहितेच्या छळाला ‘क्रूरता’ असे नाव दिले. वर्गात हे अभंग शिकविताना आपण अजूनही त्याला परीक्षा म्हणत असू, तर समोर बसलेल्या एखाद्या विद्यार्थिनीला आपण सोसण्याचाच पाठ देत असतो.