एदेनचा सर्प आणि राईनपाड्याचा बाजार

दुसऱ्या व्हॅटिकन महासभेच्या सूचनेवरून १९६७ पासून दरवर्षी सामाजिक संपर्क दिन साजरा होतो व त्यानिमित्त पोप महोदयांचा संदेश येतो. आपल्या धर्मग्रामांत तो क्वचितच वाचला जातो. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २४ जानेवारी २०१८ रोजी प्रसिद्ध केलेला संदेश मात्र पुन्हा काढून वाचावा, असा आहे. विषय आहे खोट्या बातम्यांचा.

या संदेशाचा गाभा म्हणजे उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायाचे विवेचन. पोप महोदय सर्पाला खोट्या बातमीचा पहिला कर्ता मानतात. सर्प उघड खोटे बोलत नाही. देवाने एका झाडाचे फळ वर्ज्य केले होते. तो सर्वच झाडांविषयी विचारतो. अर्धे सत्य पुढे करून, हितचिंतकाच्या सुरात, तो हव्वेच्या मनात शंका पेरतो. हव्वा त्याची चूक दुरुस्त करते, पण संभाषण थांबवत नाही. आणि हळूहळू त्याचीच बाजू तिला खरी वाटू लागते. फसवणूक अज्ञानापेक्षा मनातील भय, राग व लोभ यांच्या आधारे होते, हे इतक्या थोडक्यात क्वचितच कोणी सांगितले असेल.

परंतु त्याच वर्षी महाराष्ट्राने या विवेचनाची कठोर परीक्षा घेतली. १ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाड्याचा आठवडे बाजार भरला होता. मुले पळविणारी टोळी आल्याच्या अफवा मोबाइलवरून पसरलेल्या होत्या. मंगळवेढ्याकडील नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच भिक्षुक जमावाने त्या संशयावरून ठार मारले. बेंबळीसारख्या आपल्या गावांत दारी येणारा गोसावी कोणाला नवा नाही; म्हणूनच ही घटना दूरची वाटत नाही.

त्या काळात देशभर फिरणारी एक चित्रफीत मुळात कराचीतील एका संस्थेने २०१६ साली बालसुरक्षेच्या जागृतीसाठी केलेली होती. मोटारसायकलवरून आलेले दोघे मूल उचलतात, मग परत आणून सोडतात व सावधगिरीचा फलक दाखवतात. कोणीतरी शेवट कापला आणि उपदेशाचा पुरावा झाला. येथेही सर्पाचीच रीत: चित्र खरे, अर्थ खोटा.

मात्र येथेच संदेशाची उणीवही जाणवते. विधानांची पारख त्यांच्या फळांवरून करावी, ती भांडण लावतात की विचाराला प्रवृत्त करतात हे पाहावे, असे तो सांगतो. ही कसोटी योग्य असली तरी उशिराची आहे. राईनपाड्याला फळ दिसले तेव्हा पाच मृतदेह पडले होते. शिवाय संदेशाचा उत्तरार्ध मुख्यतः पत्रकारांच्या जबाबदारीविषयी बोलतो. राईनपाड्याच्या अफवेला पत्रकाराची गरज पडली नाही; ती पुढे धाडणारा प्रत्येक जण तिचा प्रकाशक होता. त्या सामान्य माणसाला हवी होती फळाआधीची कसोटी: हे प्रथम कोणी सांगितले? कुठले, केव्हाचे? यातून काय कापले आहे? आणि मला ते पुढे धाडण्याची घाई का झाली आहे?

ही कसोटी आपल्याच परंपरेत आहे. प्रमाणाविना शेजाऱ्याचा दोष खरा मानणे हे १९९२ च्या कॅथॉलिक धर्मशिक्षण ग्रंथाने आठव्या आज्ञेविरुद्धचे पाप म्हटले आहे. ते बोलले नाही, मनातच मानले, तरीही. मग शंभर जणांना धाडले तर?

आपणही यातून सुटलेलो नाही. पोप महोदयांनी ट्रम्प यांना पाठिंबा दिल्याची २०१६ मधील निखालस खोटी बातमी लाखोंनी वाचली. २०२३ साली पांढऱ्या फुगीर कोटातील त्यांचे यंत्राने रचलेले छायाचित्र जगभर खरे मानले गेले. धर्मग्रामाच्या गटावर 'दहा जणांना पाठवा, नाहीतर अनर्थ होईल' अशी प्रार्थना आली, तर तीही भीतीवरच चालते. केवळ तिच्यावर क्रूस काढलेला असतो.

तेव्हा हा संदेश वाचावा, आणि जे त्यात राहिले ते आपण आपल्या आचरणाने भरून काढावे. पापनिवेदनाच्या तयारीत आपण जिभेची झडती घेतो. यापुढे अंगठ्याचीही घेऊ या.