व्याकरणाची मोहिनी

‘ग्लॅमर’ हा शब्द आपली वृत्तपत्रे चित्रतारकांच्या झगमगाटासाठी सर्रास योजतात. त्याचे कूळ मात्र स्कॉटलंडच्या बोलीत आहे आणि मूळ पुरुष आहे ‘ग्रामर’, म्हणजे चक्क व्याकरण! दोन र-कारांपैकी पहिल्याचा ल-कार झाला, एवढेच. अठराव्या शतकाच्या आरंभापासून तो स्कॉट्स लिखाणात आढळतो. अर्थ मात्र सौंदर्य नव्हे, तर पाहणाऱ्याच्या डोळ्यांवर घातलेली भूल. आपल्याकडील ‘नजरबंदी’ हा त्याला अगदी नेमका प्रतिशब्द ठरावा.

मध्ययुगीन युरोपात व्याकरण म्हणजे लॅटिनची विद्या. ती बहुतांशी धर्मगुरूंच्या व मठवासीयांच्या हाती होती. निरक्षर शेतकऱ्याला पोथीतले ते अगम्य उच्चार मंत्रतंत्रच वाटले, यात नवल ते काय? फ्रेंच भाषेतही जादूच्या पोथीचे ‘ग्रिम्वार’ हे नाव ह्याच शब्दापासून आले. ह्या गैरसमजाचा दोष मी एकट्या अडाण्याच्या माथी मारणार नाही. विद्येला कुलूप लावणारेही त्याचे वाटेकरी आहेत.

हा शब्द इंग्रजीत रूढ केला तो मुख्यतः सर वॉल्टर स्कॉटने. त्याच्या ‘द ले ऑफ द लास्ट मिन्स्ट्रेल’ (१८०५) ह्या काव्यात मेलरोज मठातील थडग्यातून मांत्रिक मायकेल स्कॉटचा ग्रंथ काढला जातो. पुढे एका खट्याळ बुटक्याच्या हाती तो पडतो. त्याला त्यातील एकच मंत्र वाचता येतो, आणि तो नेमका ‘ग्लॅमर’चा! कोळिष्टके भरजरी पडद्यांसारखी भासावीत, असा त्याचा प्रभाव. हा बुटका कथानकात उपराच वाटतो. परंतु मोहिनीचा उगम ग्रंथात ठेवून कवीने शब्दाचे मूळ अचूक राखले आहे.

खरा मायकेल स्कॉट तेराव्या शतकातील विद्वान धर्मगुरू. १२१७ साली तोलेदो येथे त्याने अरबी खगोलग्रंथ लॅटिनमध्ये आणला. ॲरिस्टॉटलचे प्राणिविषयक ग्रंथही अरबीतून भाषांतरित केले. तरी दांतेने त्याला नरकात, भविष्य सांगणाऱ्यांच्या पंक्तीत बसवले. व्याकरणाची जादू झाली, तसाच हा भाषांतरकार मांत्रिक झाला. १२२४ मध्ये पोप तिसरे होनोरियस यांनी त्याला आयर्लंडमधील कॅशेलचे आर्चबिशपपद देऊ केले. तेथील लोकांची भाषा आपल्याला येत नाही, ह्या कारणास्तव त्याने ते नाकारले. स्कॉटच्या काव्यात ह्या मायकेलला जागा मिळाली नाही.