दयेचा अर्ज आणि दुसरे घर

सिस्टर हेलन प्रेजाँ यांच्या ‘डेड मॅन वॉकिंग’ (1993) या ग्रंथाची चर्चा बहुधा देहदंडापाशीच थांबते. मला मात्र त्यातील एक वेगळाच प्रसंग मोलाचा वाटतो. 1984 साली अमेरिकेतील लुइझियाना राज्यात पॅट्रिक सॉनियर या कैद्याच्या दयेच्या अर्जावर माफी मंडळापुढे सुनावणी होते. सिस्टर त्याच्या बाजूने बोलतात. ज्यांचा खून झाला त्या तरुण-तरुणीचे कुटुंबीयही तेथे हजर असतात. मृत मुलाचा बाप, स्वतः कॅथलिक, सिस्टरांना विचारतो, की आमच्या घरी एकदाही न येता तुम्ही त्याची बाजू मांडलीत तरी कशी? लेखिकेने हा घाव झाकलेला नाही. ग्रंथाची उंची मला येथे जाणवते.

1995 च्या चित्रपटाने दोन कैद्यांचा एक केला, विजेच्या खुर्चीऐवजी इंजेक्शन दाखवले. हा प्रसंग मात्र राखला. (सुसान सॅरंडन यांचे ऑस्कर लोकांच्या लक्षात राहिले, हा बाप फारसा नाही.)

तथापि ग्रंथ सारा दोष सिस्टरांच्या माथी घेतो, ते मला पटत नाही. शोकाकुल घरी जाणे हा व्रतस्थ स्त्रीचा जिव्हाळा झाला. अशा घराची पायरी चढणे आम्हा धर्मगुरूंनाही जड जाते. त्या घराला अर्जाची वेळेवर खबर देणे, त्याचे मन विचारणे, आणि ते गैरसोयीचे असले तरी जसेच्या तसे मंडळापुढे ठेवणे, हे राज्याचे व त्याच्या सरकारी वकिलाचे काम. सरकारी वकील कुटुंबाचा वकील नव्हे. त्यांच्या दुःखाचे शस्त्र करण्याचाही त्याला अधिकार नाही. ग्रंथाच्या अखेरीस उमगते, की त्या बापाला तुरुंगवासाची शिक्षाही पुरली असती. तो देहदंडाला हजर राहिला तो क्षमायाचनेचा एक शब्द ऐकण्यासाठी. सुनावणीत एवढ्या गुंतागुंतीच्या मनाला जागाच नव्हती. मंडळाचा तत्कालीन अध्यक्ष तर पुढे लाचखोरीपायी तुरुंगात गेला.

अमेरिकेच्या न्याय खात्याने 2000 साली फेडरल गुन्ह्यांपुरता नियम केला: दयेचा अर्ज आल्याचे पीडितांना कळवावे, त्यांचे म्हणणे घ्यावे, निर्णयही कळवावा. कोणत्या प्रकरणात कळवणे उचित, हे ठरवण्याची मुभा मात्र खात्याने स्वतःकडेच ठेवली. म्हणजे दार उघडले, पण कडी आतूनच!

शेवटच्या पानांत सिस्टर त्या बापासोबत पहाटे चॅपेलमध्ये प्रार्थनेला बसतात. कैद्याचा अर्ज त्यापूर्वीच निकाली निघालेला असतो.