संहिता ऐकताना : नाशिकमधील नव्या नाटकांच्या अभिवाचनांविषयी

नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयाची स्थापना १८४० सालची. या वाचनालयाचेच परशुराम साईखेडकर नाट्यगृह, नाशिककरांचे ‘पसा’. ग्रंथालयाने नाट्यगृह सांभाळावे हा योग मला या गावाला साजेसा वाटतो, कारण इथे नाटक लिहिले जाते आणि उभे राहते ते बहुधा दुसरीकडे. वसंत कानेटकर इथल्या एचपीटी महाविद्यालयात शिकवत. त्यांचे ‘वेड्याचं घर उन्हात’ १९५७ मध्ये पुण्याच्या प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनने रंगमंचावर आणले. शिरवाडकरांचे ‘नटसम्राट’ २३ डिसेंबर १९७० रोजी मुंबईत झाले, ते गोवा हिंदू असोसिएशनतर्फे. अलीकडे प्राजक्त देशमुख यांच्या ‘देवबाभळी’ या एकांकिकेचे पूर्ण लांबीचे संगीत नाटक झाले, तेही मुंबईच्या भद्रकाली प्रॉडक्शन्समुळे. यात तक्रार नाही. पण मग गावाच्या वाट्याला काय उरते? माझ्या मते पहिले ऐकणे. म्हणूनच छोट्या सभागृहांत चाळीस-पन्नास खुर्च्या मांडून होणारी नव्या संहितांची अभिवाचने मला स्पर्धेच्या प्रयोगांइतकीच महत्त्वाची वाटतात, आणि म्हणूनच त्यांच्याविषयी थोडे कठोरपणे बोलले पाहिजे.

पहिला दोष रंगसूचनांचा. वाचणारी मंडळी संवादांवर जीव ओततात आणि कंसातला मजकूर ‘तो काही महत्त्वाचा नाही’ म्हणून गाळतात. हे किती घातक आहे ते पाहायला तेंडुलकरांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ पुरे. तिसऱ्या अंकात आरोपी बेणारेला बोलण्यासाठी दहा सेकंद मिळतात. मग तिचे ते दीर्घ स्वगत येते आणि ते संपताच न्यायालयाचा व्यवहार असा पुढे सुरू होतो, जणू ती काही बोललीच नाही. इतर पात्रे स्तब्ध झाली होती, प्रकाश बदलला होता, हे श्रोत्याला कोणी सांगितले नाही, तर त्याची समजूत होते की बाईने भर कोर्टात सगळ्यांना सुनावले. नाटकाचा अर्थ नेमका उलटा होतो. तिचे न बोलणे हाच तर आघात आहे. रंगसूचना वाचायला एक स्वतंत्र, शांत आवाजाचा माणूस हवा, आणि त्याने अभिनय करू नये, इतके साधे पथ्यही अनेकदा पाळले जात नाही.

दुसरा धोका अधिक सूक्ष्म आहे. अभिवाचन वक्तृत्वाला झुकते माप देते. ‘नटसम्राट’मधली स्वगते कानांसाठीच लिहिल्यासारखी आहेत, कुठल्याही खोलीत ती उभी राहतात. पण सतीश आळेकरांचे ‘महानिर्वाण’ टेबलाभोवती बसून वाचले, तर कीर्तनाचा ठेका आणि समूहाच्या हालचाली वजा होतात आणि विनोद निम्मा कोरडा पडतो. नव्या लेखकाची अशी संहिता वाचनात पडली की आपण म्हणतो, ‘अजून जमली नाही.’ चांगल्या वाक्यांची संहिता मात्र टाळ्या घेते. टाळ्या ऐकून लेखक पुढच्या खर्ड्यात आणखी वाक्ये घालतो. हे मी एकदा नव्हे, बऱ्याचदा पाहिले आहे.

लेखकाने स्वतःच वाचण्याची आपल्याकडे मोठी हौस. त्यातही फसगत आहे. त्याला पात्राचा सूर आधीच ठाऊक असतो. संवादातली फट तो आवाजाने बुजवतो. मागे एका वाचनात लेखकाला ऐन वेळी यायला उशीर झाला आणि संहिता कधीच न पाहिलेल्या दोन मुलींनी सुरुवात केली. पहिल्याच प्रवेशात आई आणि सासू या दोघींची भाषा एकसारखी आहे, हे सगळ्यांच्या लक्षात आले. एकीच्या जागी दुसरी वाचली तरी कळत नव्हते! लेखक पोहोचला तेव्हा मागच्या रांगेत बसून राहिला. त्याने त्या दिवशी जे ऐकले ते त्याला कुठल्याही परीक्षकाने सांगितले नसते.

परीक्षक सांगतात तेही मोलाचे, पण उशिरा. १९५४ पासूनच्या राज्य नाट्य स्पर्धेने गावोगावच्या हौशी मंडळींना उभे केले, हे निर्विवाद. मात्र स्पर्धेत संहिता पोहोचते तेव्हा नेपथ्य ठरलेले, तालमी झालेल्या असतात. चूक सापडली तरी दुरुस्त कोण करणार? पुण्याच्या थिएटर अकादमीने १९८५ ते १९९४ या काळात नाटककारांसाठी जी योजना राबवली, तिची दृष्टी वेगळी होती. तिथे प्रयोगाआधी लेखकाला वेळ देण्याचा विचार होता, आणि त्यासाठी फोर्ड फाउंडेशनचा पैसा होता. नाशिकच्या अभिवाचनांना असा पैसा नाही. सभागृहाचे भाडे आणि चहा एवढाच खर्च. पण वेळ तर देता येईल.

तो दिला जात नाही. वाचन संपले की चर्चा सुरू होते आणि प्रत्येक खुर्चीतून एक सूचना येते: शेवट बदला, नायिकेला आणखी एक प्रसंग द्या. लेखक वहीत सगळे उतरवून घेतो. कोणी विचारत नाही की, या संहितेचे दुसरे वाचन कधी? गेल्या कित्येक वर्षांत मी पहिली वाचने भरपूर ऐकली. दुरुस्त केलेली संहिता त्याच श्रोत्यांपुढे पुन्हा वाचली गेली, असे दोनदाच घडले. त्यातल्या एकात लेखिकेने चर्चेतल्या सूचनांपैकी एकही घेतली नव्हती. फक्त पहिल्या अंकातली अकरा पाने काढून टाकली होती. नाटक पहिल्यांदा ऐकू आले.