उसन्या गळ्याची नायिका

जाक दमी यांचा ‘शेरबूरच्या छत्र्या’ हा १९६४चा फ्रेंच चित्रपट प्रथम पाहिला, तेव्हा कात्रीन दनव या नटीविषयी मी वहीत एवढंच टिपलं होतं : चेहरा देखणा, पण थंड. ते टिपण चुकलं होतं, हे सांगण्यासाठी हा लेख.

या चित्रपटातलं प्रत्येक वाक्य, अगदी गॅरेजमधल्या गिऱ्हाइकाशी झालेलं बोलणंसुद्धा, गायलेलं आहे. मिशेल लग्रां यांचं संगीत चित्रीकरणाआधीच ध्वनिमुद्रित झालं होतं. नायिका जनव्हिएव हिचा गळा दानिएल लिकारी यांचा. पार्श्वगायनावर वाढलेल्या आपल्याला यात नवल वाटत नाही. पण आपल्याकडे गाणं संपलं की नायिका बोलू लागते. इथे गाणं संपतच नाही. वाक्य कुठे रेंगाळणार, कुठे तुटणार, हे आधीच ठरलेलं. विशीतल्या दनवच्या हाती उरले डोळे, मान आणि ओठ मिटल्यानंतरचे क्षण.

म्हणून मी चित्रपट पुन्हा पाहिला, आवाज बंद करून.

छत्र्यांच्या दुकानातली जनव्हिएव आणि गॅरेजमधला गी यांची ही गोष्ट. १९५७च्या नोव्हेंबरात गी सक्तीच्या लष्करी सेवेसाठी अल्जेरियाच्या युद्धावर जातो. ती गरोदर; त्याची पत्रं विरळ; आई कर्जात. त्याच घरात जानेवारीतल्या सणाचा केक कापला जातो. त्यात लपवलेला दाणा जनव्हिएवला मिळतो, म्हणजे ती राणी. तिने आता राजा निवडायचा. टेबलापाशी पुरुष एकच : जवाहिऱ्या रोलां कासार. डोक्यावर सोनेरी कागदी मुकुट आणि चेहऱ्यावर सणाचा मागमूस नाही. ‘हिने वाट का पाहिली नाही?’ या नेहमीच्या आक्षेपाला त्या चेहऱ्यात उत्तर आहे. निवड तिची म्हणायची, ठरवलेली मात्र इतरांनी. तिच्या गाण्यासारखीच.

गीचा गळाही उसनाच आहे, असं कुणी म्हणेल. खरं आहे. पण युद्धावरून परतलेल्या गीला चिडता येतं, दारू पिता येते, नोकरी सोडता येते. जनव्हिएवला यातलं काहीच करायला मिळत नाही. तिच्या वाट्याला आलेली मोकळीक फक्त चेहऱ्याची.

शेवट डिसेंबर १९६३चा. बर्फ पडतंय, गीचा पेट्रोलपंप, आणि महागड्या मोटारीतून अचानक उतरलेली जनव्हिएव. मोटारीत त्यांची मुलगी फ्रान्स्वाझ. तिला पाहायचंय का, असं ती विचारते. तो नाही म्हणतो. दाराशी ती थबकते, त्याचं बरं चाललंय ना विचारते, आणि निघून जाते. आवाज बंद असतानाही तो प्रश्न ऐकू येतो. ज्याला मी थंडपणा म्हणत होतो, तो गिळलेला हुंदका होता.

वहीतलं जुनं टिपण मी खोडलेलं नाही. त्याखाली नवी तारीख तेवढी घातली आहे.