पटाचे मैदान, पालक आणि ‘अश्लील’ हा शब्द

१६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातील बैलांच्या शर्यतींना अटींसह परवानगी दिली आणि विदर्भात शंकरपट पुन्हा उघडपणे भरू लागले. जानेवारी २०२२ मध्येच नागपूर जिल्ह्यातील उमरेड तालुक्यात, ब्राह्मणी येथे, पटाच्या निमित्ताने ‘डान्स हंगामा’ झाला. कपडे उतरवून नाचणाऱ्या बायकांच्या चित्रफिती फिरल्या, गुन्हा दाखल झाला, अटका झाल्या. बातम्यांतून शब्द आला तो ‘अश्लील’. मुले घेऊन पटाला जाणाऱ्या आईबापाची तक्रार या शब्दात मावते काय? माझ्या मते मावत नाही.

वणी-मुकुटबन भागात पट म्हणजे नुसती शर्यत नव्हे. जोड्या आणि धुरकरी हे निमित्त. बाकी जिलेबीची दुकाने, सोयरेधायरे, आजोबांच्या खांद्यावरची नातवंडे. वर्धा नदी ओलांडली की झाडीपट्टीत पटाच्या रात्री नाटक ठेवण्याची रीत आहे. त्या नाटकांतही लावणी असते, आणि ती काही सोवळी नसते. पण दिवसा बैल, रात्री नाटक, असा मध्ये अंधार पडलेला असे. नाटकाचे नाव जाहिरातीवर, तिकीट वेगळे. कुणाला न्यायचे, कुणाला घरी झोपवायचे हे घरात ठरे. ‘हंगामा’ने नीती बुडवली की नाही ते सोडा, त्याने ही निवड बुडवली.

शहरात हा वाद आधीच होऊन गेला होता. २००८ साली आयपीएल सुरू झाली आणि सीमारेषेपलीकडे चीअरलीडर आल्या. महाराष्ट्र सरकारातूनही आक्षेप उमटला. याच राज्याने २००५ साली डान्स बार बंद केले होते, त्यामुळे बारमधली बाई गुन्हेगार आणि स्टेडियममधली करमणूक कशी, हा प्रश्न अपरिहार्य होता. त्याचे समाधानकारक उत्तर कोणी दिल्याचे माझ्या वाचनात नाही. पुणे वॉरियर्स संघाने २०११ मध्ये मुलींना भारतीय पेहराव घालून देशी नृत्ये करायला लावली. टीकाकार खूश झाले. मला मात्र हा उपाय फसवा वाटतो. वस्त्र वाढले, जागा तीच राहिली : पुरुष खेळतात, बाई कडेला नाचते. दहा वर्षांची मुलगी मैदानातून हा धडा घेऊन येते, मग घागरा असो की स्कर्ट. त्याच वर्षी मुंबई संघाच्या एका दक्षिण आफ्रिकन चीअरलीडरने खेळाडूंच्या वागण्याबद्दल लिहिले, तर तिलाच घरी पाठवण्यात आले. संस्कृतीरक्षकांपैकी किती जण तिच्या बाजूने बोलले?

कायद्याकडे वळू. भारतीय दंडविधानाच्या कलम २९४ला (आता न्यायसंहितेचे २९६) केवळ अश्लील कृती पुरत नाही. ती सार्वजनिक ठिकाणी हवी आणि तिने इतरांना त्रास झालेला हवा. उमरेडजवळच्याच तिरखुरा येथील एका रिसॉर्टवरील छाप्याच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ऑक्टोबर २०२३ मध्ये गुन्हा रद्द केला. तोकडे कपडे आणि मादक नाच एवढ्यानेच अश्लीलता ठरत नाही, असे न्यायालय म्हणाले. निकाल मला पटतो. बंद दालनात, स्वखुशीने आलेल्या प्रौढांचा तो मामला होता. पटाचे मैदान तसे नाही. पण तिथे त्रास झालेला बाप काय करतो? पोरीचा हात धरून मुकाट उठून जातो. गावातले आयोजक, वर्गणीदार, त्यांच्याशी उद्या बोलायचे असते. तो तक्रार देत नाही, म्हणून कायद्याच्या लेखी त्याला त्रासच झालेला नसतो.

त्यामुळे मागणी बंदीची नको. बंदीचा भार नेहमी नाचणारीवर पडतो. बार बंद झाले तेव्हा उपजीविका गेली ती तिची. मागणी माहितीची हवी, आणि ती आयोजकाकडे हवी. शर्यतीच्या नियमांत बैलाला पशुवैद्यकाचा दाखला लागतो, धाव एक हजार मीटरांपेक्षा लांब चालत नाही, आयोजकाला जिल्हाधिकाऱ्यांकडे अनामत भरावी लागते. चित्रपटाला ‘अ’ प्रमाणपत्र असते आणि ते पोस्टरवर छापावे लागते. पटाच्या पत्रकावर मात्र पहिल्या जोडीचे बक्षीस ठळक अक्षरांत असते आणि खाली एवढेच : रात्री रंगारंग कार्यक्रम.